अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्टचा परवाना: राज्य निवडण्यापासून शिक्का हाती येईपर्यंत

अमेरिकेत लँडस्केप आर्किटेक्टला, म्हणजे बागा, मोकळ्या जागा आणि इमारतींभोवतीची जमीन यांची आखणी करणाऱ्या व्यावसायिकाला, परवाना देणारे कोणतेही केंद्रीय कार्यालय नाही. परवाना राज्य देते, तो त्या राज्याच्या हद्दीपुरताच चालतो आणि त्यासाठी शिक्षण किती हवे, अनुभव कोणाच्या हाताखालचा हवा, परीक्षेला केव्हा बसता येईल, हे सारे त्या राज्याचा कायदाच ठरवतो. म्हणून ‘अमेरिकेत परवाना कसा मिळवायचा’ हा प्रश्न जसा विचारला जातो तसा सोडवता येत नाही. आधी राज्य ठरवावे लागते आणि त्या राज्याचे नियम शेवटच्या पायरीपासून उलट वाचत आजच्या दिवसापर्यंत यावे लागते. पदवी घेऊन, नोकरी करून, परीक्षेचा अभ्यास सुरू केल्यावर नियम वाचायला घेणाऱ्यांची बरीच वर्षे वाया जातात. हे टाळण्यासारखे आहे आणि टाळणे अवघडही नाही.

भारतातून वास्तुकलेची पदवी घेऊन तेथे जाणाऱ्यांना ही व्यवस्था सुरुवातीला परकी वाटते. आपल्याकडील वास्तुविशारद अधिनियम, १९७२ ‘आर्किटेक्ट’ या पदनामाचे नियमन करतो, परंतु लँडस्केप आर्किटेक्टसाठी वेगळा परवाना देणारा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. अमेरिकेत असा पहिला कायदा १९५३ साली कॅलिफोर्नियाने केला आणि आज पन्नासही राज्यांत या व्यवसायाचे नियमन होते. मात्र एकदा झालेला कायदा कायमचा राहतोच असे नाही. इलिनॉय राज्यात जुन्या कायद्याची मुदत २०२० च्या प्रारंभी संपली आणि नव्या कायद्याने नोंदणी पुन्हा सुरू होईपर्यंत मधला काळ नोंदणीविनाच गेला. त्यामुळे एखाद्या वरिष्ठ सहकाऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केले हे ऐकून घ्यावे, पण निर्णय घेताना त्या राज्यात परवाने देणाऱ्या मंडळाच्या संकेतस्थळावरील आजचा नियमच वाचावा.

कायदा कोणत्या प्रकारचा आहे

राज्यांचे कायदे ढोबळमानाने दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकाराला प्रॅक्टिस ॲक्ट म्हणतात. त्यात लँडस्केप आर्किटेक्चरची व्याख्या केलेली असते आणि त्या व्याख्येत बसणारे काम परवान्याशिवाय करता येत नाही, मग तुम्ही स्वतःला काहीही म्हणवून घेत असा. दुसऱ्या प्रकाराला टायटल ॲक्ट म्हणतात. त्यात कामावर तशी बंदी नसते, परंतु ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ हे पदनाम नोंदणीशिवाय वापरता येत नाही. बहुतेक राज्यांत पहिल्या प्रकारचा कायदा आहे.

हा फरक नोकरीच्या पहिल्या दिवसापासून महत्त्वाचा ठरतो. परवाना मिळेपर्यंत व्हिजिटिंग कार्डावर, ईमेलच्या शेवटी, लिंक्डइनवर किंवा स्पर्धेच्या प्रवेशिकेवर ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ असे लिहिणे हा दोन्ही प्रकारच्या राज्यांत नियमभंग होतो, पदवी त्याच विषयातील असली तरीही. ‘डिझायनर’ किंवा ‘लँडस्केप डिझायनर’ असे लिहिणे सामान्यतः सुरक्षित असते. काही राज्यांत ‘लँडस्केप आर्किटेक्चरल’ या विशेषणाच्या वापरावरही निर्बंध असल्याने ‘लँडस्केप आर्किटेक्चरल डिझायनर’ असे लिहिण्यापूर्वी नियम पाहावा. अर्ज आल्यावर मंडळ अर्जदाराची सार्वजनिक ओळख तपासू शकते, आणि परवान्याचा पहिलाच पत्रव्यवहार पदनामाच्या गैरवापराबद्दल व्हावा अशी वेळ कोणी स्वतःवर आणू नये.

कायद्यातील अपवादही याच वेळी वाचून घ्यावेत. उदाहरणार्थ, कॅलिफोर्नियात एका कुटुंबाच्या स्वतंत्र घरासाठी झाडांची निवड आणि मांडणी दाखवणारे आराखडे परवान्याशिवाय करता येतात. प्रत्यक्ष बांधकामाचे कंत्राट घ्यायचे असेल, तर त्या राज्यात लँडस्केप कंत्राटदाराचा सी-२७ हा वेगळा परवाना लागतो आणि तो वेगळे मंडळ देते. आराखडा करणाऱ्याचा परवाना आणि बांधणाऱ्याचा परवाना यांची गल्लत अनेक जण करतात. एक असल्याने दुसऱ्याचा अधिकार मिळत नाही.

नियमन करणारे मंडळ शोधतानाही थोडे सावध राहावे, कारण त्याचे नाव प्रत्येक राज्यात निराळे असते. टेक्सासमध्ये आर्किटेक्ट, लँडस्केप आर्किटेक्ट आणि इंटिरिअर डिझायनर या तिघांचे काम टेक्सास बोर्ड ऑफ आर्किटेक्चरल एक्झामिनर्स पाहते. न्यूयॉर्कमध्ये हा विषय राज्याच्या शिक्षण विभागाकडे आहे, ॲरिझोनात बोर्ड ऑफ टेक्निकल रजिस्ट्रेशनकडे, तर कॅलिफोर्नियात आर्किटेक्ट्स बोर्डाच्या अखत्यारीतील लँडस्केप आर्किटेक्ट्स टेक्निकल कमिटीकडे.

पदवी निवडताना

बहुतेक मंडळांच्या दृष्टीने सर्वांत सरळ मार्ग म्हणजे लँडस्केप आर्किटेक्चरल ॲक्रेडिटेशन बोर्डाची, म्हणजे एलएएबीची, मान्यता असलेली बीएलए किंवा एमएलए (लँडस्केप आर्किटेक्चरमधील बॅचलर किंवा मास्टर) पदवी. येथे परदेशी विद्यार्थ्यांनी एक गोष्ट प्रवेश घेण्यापूर्वीच तपासली पाहिजे, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. एकाच विद्यापीठात एमएलएचे दोन किंवा अधिक प्रवाह असू शकतात. एक प्रवाह व्यवसायात प्रथमच येणाऱ्यांसाठी असतो आणि दुसरा आधीच व्यावसायिक पदवी घेतलेल्यांसाठी, कमी मुदतीचा आणि संशोधनाकडे झुकणारा. एलएएबीची मान्यता पहिल्या प्रकारच्या प्रवाहाला असते. वास्तुकलेची पदवी हाती असल्यामुळे दुसऱ्या, लवकर संपणाऱ्या प्रवाहाचा मोह होणे साहजिक आहे. परंतु एक वर्ष वाचवण्याच्या नादात मान्यता नसलेली पदवी पदरात पडली, तर पुढे अनुभवाची जास्तीची वर्षे भरून द्यावी लागू शकतात. वास्तुविशारदांना काही सत्रांची सवलत देऊन मान्यताप्राप्त पदवीच देणारे प्रवाहही आहेत आणि बहुतेकांना तेच सोयीचे ठरतात. ‘मी ज्या प्रवाहात प्रवेश घेत आहे, नेमका तोच मान्यतेच्या कक्षेत आहे का?’ असे विभागाला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे.

मान्यता नसलेल्या पदवीने मार्ग बंद होतो असे मात्र नाही. अनेक राज्ये संबंधित विषयातील पदवी, परदेशी पदवी किंवा केवळ अनुभव यांनाही ठरावीक प्रमाणात वर्षांचे श्रेय देतात. कॅलिफोर्निया शिक्षण आणि अनुभव मिळून सहा वर्षांचा हिशेब धरते. परदेशी पदवीचे मूल्यमापन मान्य संस्थेकडून करून घ्यावे लागते आणि त्यासाठी मूळ विद्यापीठाने गुणपत्रके थेट पाठवण्याची अट बहुधा असते. भारतातील विद्यापीठांकडून अशी कागदपत्रे मिळवण्यास लागणारा वेळ पाहता, हे काम देश सोडण्यापूर्वी मार्गी लावणे शहाणपणाचे.

अनुभवाची वर्षे आणि त्यांचा पुरावा

मान्यताप्राप्त पदवीनंतर अनेक राज्यांत साधारण दोन ते तीन वर्षांचा अनुभव मागितला जातो, पण वर्षांच्या संख्येपेक्षा तो कोणाच्या देखरेखीखाली मिळाला यावरच अर्ज अडतात. देखरेख करणारी व्यक्ती परवानाधारक लँडस्केप आर्किटेक्ट असावी हा सर्वसाधारण नियम आहे. काही राज्ये आर्किटेक्ट किंवा सिव्हिल इंजिनिअर यांच्या हाताखालील अनुभवही धरतात, परंतु बहुधा मर्यादित काळापुरताच. म्हणून नोकरीची मुलाखत देताना पगाराइतक्याच आवर्जून विचारावे की माझ्या कामावर रोज कोणाची देखरेख असेल, ती व्यक्ती परवानाधारक आहे का आणि कोणत्या राज्याची. कार्यालयाचे नाव मोठे आणि कामे प्रसिद्ध, पण ज्या शाखेत तुम्ही बसणार तेथे एकही परवानाधारक नाही, असे घडू शकते.

विद्यार्थी व्हिसावर असणाऱ्यांसाठी येथे वेळेचे गणित महत्त्वाचे आहे. जुलै २०२३ मध्ये लँडस्केप आर्किटेक्चरचा समावेश अमेरिकी सरकारच्या स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित, या विषयांच्या यादीत झाला. त्यामुळे पात्र पदवीधरांना पदवीनंतरच्या १२ महिन्यांच्या कामाच्या परवानगीला आणखी २४ महिन्यांची जोड मिळू शकते. या ३६ महिन्यांत दोन वर्षांचा देखरेखीखालील अनुभव बसतो, पण पहिले वर्ष परवानाधारक नसलेल्या कार्यालयात गेले तर सारे गणित ओढाताणीचे होते. व्यवसायाचा परवाना आणि देशात काम करण्याची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली मिळाल्याने दुसरी मिळत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

अनुभवाची नोंद पहिल्या महिन्यापासून ठेवावी. दर महिन्याच्या अखेरीस प्रकल्पाचे नाव, आपण केलेले काम, कामाचा टप्पा, तास आणि देखरेख करणाऱ्याचे नाव व परवाना क्रमांक एवढे लिहिले तरी पुरते. केवळ ‘ड्रॉइंग केले’ असे न लिहिता जागेची पाहणी, संकल्पना, ग्रेडिंग (जमिनीच्या पातळ्या आणि उतार ठरवणे), बांधकामाचे तपशील, तांत्रिक विनिर्देश, निविदा, साइटवरील भेटी असे टप्पे वेगळे दाखवावेत, कारण मंडळांना अनुभवातील विविधता पाहायची असते. नोकरी सोडताना, संबंध चांगले असतानाच, देखरेख करणाऱ्या व्यक्तीकडून तोपर्यंतच्या अनुभवाची पडताळणी करून घ्यावी. काही वर्षांनी ती व्यक्ती निवृत्त झालेली असते, कार्यालय दुसऱ्यात विलीन झालेले असते आणि तुमच्या कामाची आठवण असणारे कोणीच उरलेले नसते.

या नोंदी ठेवण्याची अधिकृत सोयही आहे. राज्यांच्या मंडळांची संघटना म्हणजे कौन्सिल ऑफ लँडस्केप आर्किटेक्चरल रजिस्ट्रेशन बोर्ड्स, जिला व्यवसायात सर्व जण ‘क्लार्ब’ म्हणतात. तिच्याकडे कौन्सिल रेकॉर्ड उघडता येते. शिक्षण, अनुभव, परीक्षेचे निकाल आणि परवान्यांचा इतिहास त्यात पडताळणीसह साठवला जातो आणि मागाल त्या राज्याला पाठवला जातो. त्याला शुल्क पडते, तरीही ज्यांना पुढे एकाहून अधिक राज्यांत काम करायचे आहे त्यांनी ते लवकर उघडावे असे माझे मत आहे.

परीक्षा

परवान्यासाठीची परीक्षा क्लार्ब घेते. तिचे नाव लँडस्केप आर्किटेक्ट रजिस्ट्रेशन एक्झामिनेशन, म्हणजेच एलएआरई. डिसेंबर २०२३ पासून तिचे चार भाग पुढीलप्रमाणे आहेत: इन्व्हेंटरी, ॲनालिसिस अँड प्रोजेक्ट मॅनेजमेंट; प्लॅनिंग अँड डिझाइन; कन्स्ट्रक्शन डॉक्युमेंटेशन अँड ॲडमिनिस्ट्रेशन; आणि ग्रेडिंग, ड्रेनेज अँड स्टॉर्मवॉटर मॅनेजमेंट. भागांचे पूर्वीचे वाटप वेगळे होते, म्हणून त्याआधीची पुस्तके आणि टिपणे वापरताना विषय नव्या भागांत कोठे गेला ते जुळवून घ्यावे लागते. २०१२ पर्यंत काही भाग हाताने आराखडे काढून द्यावे लागत. आता संपूर्ण परीक्षा संगणकावर होते. एखादे ज्येष्ठ सहकारी ड्राफ्टिंगचा वेग वाढवण्याचा सल्ला देत असतील, तर त्यांची परीक्षा त्या काळातील होती एवढेच समजावे.

परीक्षा वर्षातून तीन वेळा, एप्रिल, ऑगस्ट आणि डिसेंबरमध्ये होते. भाग कोणत्याही क्रमाने आणि स्वतंत्रपणे देता येतात, आणि एखाद्यात अपयश आले तर तेवढाच पुन्हा द्यावा लागतो. निकाल उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढाच असतो. काही राज्यांत परीक्षेपूर्वी मंडळाची परवानगी घ्यावी लागते, तर इतर राज्यांचे उमेदवार थेट क्लार्बकडे नोंदणी करतात. अनेक ठिकाणी अनुभवाची वर्षे पूर्ण होण्याआधीच परीक्षा देता येते, आणि जेथे अशी मुभा आहे तेथे ती घ्यावी. विद्यापीठातील अभ्यास ताजा असताना दोन भाग देऊन टाकले तर पुढे नोकरीच्या ताणात चारही भागांचा डोंगर समोर राहत नाही.

क्रम कोणता असावा, याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते नुकतीच पदवी घेतलेल्याने पाहणी-विश्लेषण आणि नियोजन-संकल्पना हे भाग आधी द्यावेत, कारण त्यांचा पाया अभ्यासक्रमातच घातलेला असतो. बांधकामाची कागदपत्रे आणि प्रशासन हा भाग मात्र निदान एक प्रकल्प निविदेपासून पूर्णत्वापर्यंत जवळून पाहिल्यावरच द्यावा. कंत्राटदाराने पाठवलेले नमुने मंजूर करण्याचा अर्थ काय, चेंज ऑर्डर, म्हणजे करारातील कामात बदल करणारा लेखी आदेश, केव्हा काढायची, आराखडा आणि विनिर्देश यांत विसंगती आढळली तर काय करायचे, साइटवर कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न पुस्तकातून पाठ होतात, पण चार पर्यायांपैकी दोन योग्य वाटू लागतात तेव्हा अनुभवच उपयोगी पडतो.

अभ्यासाला बसण्यापूर्वी परीक्षेचा हेतू नीट समजून घ्यावा. परवान्याचे सारे कायदे जनतेचे आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण या आधारावर उभे आहेत. मंडळाला तुमची सौंदर्यदृष्टी जोखायची नसते. तुमच्या आराखड्यामुळे कोणी घसरून पडणार नाही, शेजाऱ्याच्या तळघरात पाणी शिरणार नाही आणि चाकांच्या खुर्चीवरील व्यक्ती दारापर्यंत पोहोचेल, एवढी खात्री त्याला हवी असते. दोन उत्तरांत घोटाळा झाला की हा निकष लावून पाहावा. जे उत्तर लोकांना धोक्यापासून अधिक नेमकेपणाने वाचवते, तेच बहुधा परीक्षकाच्या मनात असते.

ग्रेडिंगचा भाग जरा सविस्तर

ग्रेडिंग, निचरा आणि पावसाच्या पाण्याचे व्यवस्थापन या भागाची उमेदवारांना सर्वाधिक धास्ती वाटते, आणि मेट्रिक पद्धतीत शिकलेल्यांना त्यात एक अडचण जास्तीची असते. अमेरिकी ग्रेडिंग आराखड्यांत उंची दशांश फुटांत लिहितात. १००.५ म्हणजे शंभर फूट सहा इंच, शंभर फूट पाच इंच नव्हे. पायऱ्यांची उंची इंचांत, जमिनीची पातळी दशांश फुटांत आणि आराखड्याचे प्रमाण ‘एका इंचाला वीस फूट’ असे, या तिन्हींत सहज ये-जा करता येईपर्यंत रोज काही आकडेमोड करावी. मीटरमध्ये बदलून उत्तर काढण्याची सवय परीक्षेच्या वेळेत परवडत नाही.

सगळ्याचा पाया एकच सूत्र आहे: उताराचे प्रमाण म्हणजे उंचीतील फरक भागिले आडवे अंतर. दारापाशी पातळी १०० फूट असेल आणि तेथून ६० फूट लांबीची पायवाट २ टक्के उताराने खाली जात असेल, तर तिच्या टोकाची पातळी ९८.८ फूट येते. हे सोपे आहे. खरी कसोटी लागते ती हे सूत्र सुगम्यतेच्या नियमांशी जोडताना. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा १९९० चा कायदा, म्हणजे एडीए, आणि त्याखालील २०१० ची मानके यांतील काही आकडे तोंडपाठच हवेत. पायवाटेचा उतार १:२० पेक्षा तीव्र झाला की ती रॅम्प ठरते. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र चालत नाही. एका सलग रॅम्पने जास्तीत जास्त ३० इंच चढता येते, त्यानंतर किमान ६० इंच लांबीचा सपाट टप्पा लागतो. चढ ६ इंचांपेक्षा अधिक असेल तर दोन्ही बाजूंना कठडा हवा. आडवा उतार १:४८ पेक्षा अधिक नसावा.

आता एक प्रश्न कल्पून पाहू. वाहनतळ आणि प्रवेशद्वार यांच्या पातळ्यांत ४ फुटांचा फरक आहे. रॅम्प करायचा ठरवला तर १:१२ ने ४८ फूट लांबी लागते. चढ ४८ इंच असल्याने तो एका दमात चढता येत नाही, म्हणून मध्ये एक आणि दोन टोकांना दोन असे पाच-पाच फुटांचे तीन सपाट टप्पे येतात आणि सरळ रेषेत एकूण लांबी ६३ फूट होते. त्याऐवजी १:२० ची पायवाट केली तर उतारासाठी ८० फूट लागतात, पण ती रॅम्प ठरत नाही. कठडे लागत नाहीत आणि सगळे एकाच वाटेने चालतात. जागा ८० फुटांहून थोडी अधिक उपलब्ध असेल तर पायवाटच चांगली, जागा ६५-७० फूटच असेल तर रॅम्पला पर्याय नाही. जेवढे अंतर दिले आहे तेवढ्यात काय बसते, हे असे झटपट पडताळण्याचा सराव हवा. परीक्षेत गणित अवघड नसते, ते कोणत्या क्षणी करायचे हे कळावे लागते.

पाण्याच्या बाबतीत इमारतीपासून सुरुवात करावी. जमिनीचा उतार सर्व बाजूंनी इमारतीपासून दूर जाणारा हवा. घरांसाठीच्या प्रचलित बांधकाम संहितेत पहिल्या १० फुटांत ६ इंचांची उतरण सांगितलेली आहे. वरच्या अंगाने येणारे पाणी इमारतीला वळसा घालून नेण्यासाठी उथळ चर काढतात, आणि त्या चराचा सर्वांत उंच बिंदूही तळमजल्याच्या पातळीच्या खाली असला पाहिजे. कंटूर रेषा, म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा, वाचताना दरीत किंवा चरात त्यांचे टोक चढाच्या दिशेला असते आणि डोंगराच्या धारेवर उताराच्या दिशेला. बंद झालेली कंटूर एकतर शिखर दाखवते किंवा खळगा, आणि खळगा असेल तर त्यातून पाण्याला वाट कोणती हे सांगितलेच पाहिजे. राखायच्या झाडाच्या पर्णसंभाराच्या घेराखाली भराव किंवा खोदाई दाखवणारे उत्तर जवळजवळ नेहमीच चुकीचे असते, मग बाकीचे आकडे कितीही जुळोत.

वाहून जाणाऱ्या पाण्याचा अंदाज रॅशनल पद्धतीने काढतात: रनऑफचा गुणांक (पडलेल्या पावसापैकी किती हिस्सा वाहून जातो ते दाखवणारा आकडा), पावसाची ताशी इंचांतील तीव्रता आणि एकरांतील क्षेत्रफळ यांचा गुणाकार, उत्तर घनफूट प्रति सेकंद. समजा २ एकरांची जागा आहे, निम्मी डांबरी असून तिचा गुणांक ०.९ आहे, निम्म्या हिरवळीचा ०.३ आहे आणि पाऊस ताशी ३ इंच आहे. सरासरी गुणांक ०.६ येतो आणि प्रवाह ३.६ घनफूट प्रति सेकंद. पूर्ण जागा डांबरी केली तर तोच ५.४ होतो. हा फरक एकदा हाताने काढून पाहिला की पाणी मुरवणाऱ्या फरसबंदीबद्दलचे आणि पावसाचे पाणी जिरवणाऱ्या बागांबद्दलचे प्रश्न पाठांतराचे राहत नाहीत. याच्याशी जोडलेला कायद्याचा भागही सोडू नये. १ एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरली जाणार असेल तर बांधकामाच्या काळातील गढूळ पाण्यासाठी क्लीन वॉटर ॲक्टखालील परवानगी आणि प्रदूषण रोखण्याची लेखी योजना लागते.

तयारीसाठी क्लार्बने प्रसिद्ध केलेला परीक्षेचा आराखडा आणि शिफारस केलेल्या पुस्तकांची यादी आधी पाहावी, तिचेच सराव प्रश्नसंच सोडवावेत, आणि मग हवे तर खासगी वर्गांकडे वळावे. दोघा-तिघांचा अभ्यासगट ग्रेडिंगसाठी फार उपयोगी पडतो. प्रत्येकाने दुसऱ्याच्या आराखड्यावर पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे बोटाने दाखवावे, आणि जेथे बोट अडेल तेथे चूक शोधावी. अनुत्तीर्ण झाल्यास कोणत्या विषयांत उणीव राहिली याची माहिती मिळते. ती वाचून तेवढाच भाग पक्का करावा, सगळा अभ्यास पहिल्यापासून करण्याची गरज नसते.

अर्ज आणि त्यानंतर

चारही भाग उत्तीर्ण झाल्यावर परवाना आपोआप येत नाही. राज्याकडे स्वतंत्र अर्ज, शुल्क, अनुभवाची पडताळणी आणि बहुधा पूर्वीच्या शिक्षा किंवा शिस्तभंगाच्या कारवाया यांबद्दलची माहिती द्यावी लागते. त्या प्रश्नांची उत्तरे पूर्ण आणि खरी द्यावीत. किरकोळ जुनी बाब सहसा मार्ग अडवत नाही, ती लपवल्याचे आढळले तर मात्र मोठी अडचण होते. काही राज्यांत पुरवणी परीक्षाही असते. कॅलिफोर्नियाची सप्लिमेंटल एक्झामिनेशन त्या राज्याचे कायदे, पाणीटंचाई, वणव्याचा धोका असलेली भूमी अशा स्थानिक बाबींवर भर देते. तिची तयारी एलएआरईच्या टिपणांवर होत नाही.

परवाना मिळाला की शिक्का, म्हणजे आराखड्याची जबाबदारी घेतल्याची परवानाधारकाची अधिकृत मोहोर, वापरण्याचा अधिकार येतो. स्वतः केलेल्या किंवा आपल्या थेट नियंत्रणाखाली तयार झालेल्या आराखड्यांवरच तो उमटवता येतो. ओळखीच्या माणसाने तयार आराखडे आणून ‘फक्त सही हवी’ असे म्हटले, तर नकार द्यावा. पैसे देऊ केले असतील तर तो अधिकच ठामपणे द्यावा. त्या कागदावरील प्रत्येक पातळी आणि प्रत्येक भिंत आता तुमच्या जबाबदारीवर उभी राहणार असते, आणि अशा सह्यांवरून परवाना निलंबित होऊ शकतो. काही राज्ये कराराबद्दलही नियम घालतात. कॅलिफोर्नियात काम सुरू करण्यापूर्वी लेखी करार आणि त्यात परवाना क्रमांक आवश्यक असतो.

नूतनीकरणाचा काळ प्रत्येक राज्याचा वेगळा आहे आणि बहुतेक राज्ये त्यासाठी सतत शिक्षणाचे तास मागतात. टेक्सासमध्ये ते दरवर्षी १२ तास आहेत. हे तास मुख्यतः आरोग्य, सुरक्षितता आणि कल्याण यांच्याशी संबंधित विषयांत भरावे लागतात, म्हणून प्रशिक्षणाला नाव नोंदवण्यापूर्वी ते त्या वर्गात मोडते का हे पाहावे. हजेरीची प्रमाणपत्रे काही वर्षे जपून ठेवावीत, कारण मंडळे काही जणांची निवड करून तपासणी करतात.

दुसऱ्या राज्यात काम मिळाले तर तेथील परवाना आराखड्यावर शिक्का मारण्याआधी हवा, आणि अनेक ठिकाणी त्या कामाचा प्रस्ताव देण्यापूर्वीच हवा. एलएआरई सर्वत्र तीच असल्याने परीक्षा पुन्हा द्यावी लागत नाही. कौन्सिल रेकॉर्ड पाठवून, पुरवणी परीक्षा असेल तर ती देऊन, परस्पर मान्यतेने परवाना मिळवता येतो. राज्यांच्या अटी एकमेकांच्या जवळ आणण्यासाठी क्लार्बने २०२१ मध्ये एक समान मानक स्वीकारले आहे. राज्ये आपापल्या कायद्यांत ते कितपत आणतात यावर हा मार्ग किती सुकर होईल हे अवलंबून आहे. स्वतःचे कार्यालय काढायचे असेल, तर व्यक्तीच्या परवान्याखेरीज संस्थेची वेगळी नोंदणी लागते का, हेही प्रत्येक राज्यात विचारावे. पत्ता किंवा नोकरी बदलल्यास मंडळाला वेळेत कळवावे, कारण नूतनीकरणाची सूचना जुन्या पत्त्यावर गेली तरी परवान्याची मुदत त्यासाठी थांबत नाही, आणि मुदत संपलेल्या परवान्यावर मारलेला शिक्का विनापरवाना कामच समजला जातो.